उसाच्या पाचटापासून ग्लुकोज काढायचंय, सेल्युलेज टाकूनही रीडिंग येत नाहीये

कृष्णाकाठ

नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय उसाच्या पाचटातलं सेल्युलोज एन्झाइमने तोडून ग्लुकोज करायचा. विषय माझा मीच निवडला, कारण आमच्या सांगली भागात तोड झाली की रात्री रस्त्याने जाताना दोन्ही बाजूला पाचट पेटलेलं दिसतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन साखरेच्याच साखळ्यांचं असतं हे वाचल्यापासून तो जाळ बघवत नाही.

आता अडचण सांगते. पाचट धुतलं, उन्हात वाळवलं, मिक्सरला बारीक करून चाळून घेतलं. १ ग्रॅम पावडर, २० मिली सायट्रेट बफर, पीएच ४.८, तापमान ५० अंश, शेकरवर ४८ तास. एन्झाइम बाजारातलं पावडर सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) आहे, लेबलवर १०,००० युनिट प्रति ग्रॅम असं लिहिलंय. शेवटी डीएनएस (साखर जास्त तसा रंग गडद होणारी चाचणी) लावून रिड्युसिंग शुगर, म्हणजे सुटी झालेली साखर, बघते तर १ ग्रॅम पाचटामागे ४० मिलिग्रॅमच्या आसपासच साखर येतेय. एन्झाइम दुप्पट केलं तरी आकडा जेमतेम हलतो. पण तेच एन्झाइम फिल्टर पेपरच्या पट्टीवर टाकलं की डीएनएसला चांगला गडद रंग येतो, म्हणजे ते मेलेलं नाहीये.

आमचे सर म्हणतात आधी कॉस्टिक सोड्याची ट्रीटमेंट दे, लॅबमधली सीनियर म्हणते अ‍ॅसिड दे. आमच्याकडे साधा ऑटोक्लेव्ह आहे, हाय प्रेशर रिअ‍ॅक्टर वगैरे काही नाही आणि महागडं ब्रँडेड एन्झाइम मागवायला पैसेही नाहीत. नक्की कुठे अडतंय आणि आहे त्या सामानात काय करता येईल? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

लिग्निन_पुणे

एन्झाइमला दोष देऊ नकोस, उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. फिल्टर पेपर म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्याच्या भोवती काही नाही. पाचटात तेच सेल्युलोज आहे पण तिथपर्यंत एन्झाइम पोचतच नाहीये. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून बसलेल्या, भोवती हेमिसेल्युलोजचं (झायलोजसारख्या दुसऱ्या साखरांच्या साखळ्यांचं) जाळं आणि सगळ्या फटींमधून लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा पदार्थ, भरलेलं. एन्झाइमचा रेणू साधारण ५ नॅनोमीटरचा आणि कच्च्या पाचटाच्या पेशीभित्तिकेतली बरीचशी छिद्रं त्याच्याहून लहान, मग तू दुप्पट टाक नाहीतर चौपट टाक, वाढवलेलं एन्झाइम बाहेरच फिरत राहणार. शिवाय लिग्निनला ते चिकटून बसतं आणि तिथे अडकलेलं एन्झाइम कामाचं राहत नाही. मिक्सरने तू तुकडे लहान केलेस, भिंत आतून तशीच आहे.

आकडा कसा बघायचा ते सांगतो. पाचटात सेल्युलोज ४० टक्के धर (तुझ्या नमुन्याचं स्वतः मोजलंस तर उत्तमच). तुटताना प्रत्येक कडीला पाण्याचा एक रेणू लागतो म्हणून १६२ चे १८० होतात, म्हणजे १.११ पट. १ ग्रॅम कोरड्या पाचटात ४०० मिलिग्रॅम सेल्युलोज म्हणजे जास्तीत जास्त ४४४ मिलिग्रॅम ग्लुकोज. तुझे ४० म्हणजे दहाव्या हिश्श्याच्याही खाली, आणि कच्च्या मालाला हा आकडा अगदी अपेक्षित आहे, यात तुझ्या हाताचा काही दोष नाही.

दुसरं म्हणजे ते लेबल. १०,००० युनिट कशाची ते बघितलंस का? बाजारातल्या स्वस्त पावडरींवर बहुतेक वेळा सीएमसीची युनिट असतात. सीएमसी म्हणजे रासायनिक बदल केलेलं सेल्युलोज, ते पाण्यात विरघळतं, त्याच्यावर एकटं एंडोग्लुकनेजसुद्धा भरपूर आकडा दाखवतं. पण घन सेल्युलोज तोडायला तीन प्रकारची एन्झाइमं एकत्र लागतात. एंडोग्लुकनेज साखळीला मधेच कुठेतरी कापतं, सेलोबायोहायड्रोलेज त्या कापलेल्या टोकाला धरून पुढे सरकत दोन-दोन ग्लुकोजचे जोड म्हणजे सेलोबायोज सोडत जातं, आणि बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोडाचे दोन ग्लुकोज करतं. यातलं शेवटचं कमी पडलं की सेलोबायोज साठतं आणि साठलेलं सेलोबायोज मधल्या एन्झाइमलाच थांबवतं. ट्रायकोडर्मा या बुरशीच्या एन्झाइममध्ये नेमकी हीच कमतरता असते, म्हणून अ‍ॅस्परजिलस नायजर या दुसऱ्या बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेज वरून घालायची पद्धत पडलीय.

त्यामुळे आधी एफपीयू काढ, म्हणजे फिल्टर पेपर युनिट. ही पद्धत १९८७ साली तरुण कुमार घोष यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, आयआयटी दिल्लीचे, आणि आजही जगभर तीच वापरतात. व्हॉटमन नंबर १ ची १ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम, पीएच ४.८, ५० अंशाला बरोब्बर ६० मिनिटं. एन्झाइमची वेगवेगळी डायल्युशन लावायची आणि नेमके २ मिलिग्रॅम ग्लुकोज देणारं डायल्युशन ग्राफवरून शोधायचं, मग ०.३७ ला त्या डायल्युशनने भागायचं. एकाच डायल्युशनवरून सरळ गुणाकार करून युनिट काढणारे प्रबंध मी पाहिलेत, ते चूक आहे, कारण पट्टी जसजशी तुटत जाते तसा वेग पडतो, तो सरळ रेषेत जात नाही.

कॉस्टिक की अ‍ॅसिड? तुझ्या ऑटोक्लेव्हला कॉस्टिक. पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं खरं काम १५० ते १८० अंशाला होतं, ते हेमिसेल्युलोज विरघळवतं पण लिग्निन बरंचसं मागेच ठेवतं, आणि जास्त तापलं तर साखरेचेच फरफ्युरल आणि एचएमएफ होतात, पुढे यीस्टला त्रास देणारे. १२१ अंशाला अ‍ॅसिडचा परिणाम अर्धवट राहील. कॉस्टिक मात्र त्या तापमानालाही लिग्निन चांगलं बाहेर काढतं, गवतवर्गातल्या पिकांना तर जास्तच, कारण त्यांचं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज ज्या एस्टर बंधांनी जोडलेलं असतं ते अल्कलीत सुटतात.

२ टक्के कॉस्टिक घे, १ ग्रॅम पाचटाला १० मिली, काचेच्या बाटलीत, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात वापरू नकोस, १२१ अंशाला ३० मिनिटं. पाणी काळंभोर निघेल. मलमलच्या कापडातून गाळ आणि धुवत राहा, धुवणाचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत, इथे कंटाळा करायचा नाही, कारण उरलेली अल्कली तुझा बफर बिघडवते.

आणि आता हे नीट वाच, इथे बरेच जण फसतात. धुतलेला लगदा ओव्हनमध्ये वाळवू नकोस. एकदा वाळला की उघडलेली छिद्रं मिटतात आणि परत भिजवलं तरी पूर्वीसारखी उघडत नाहीत. ओलाच वापर, थोडा वेगळा काढून १०५ अंशाला वाळवून ओलावा काढ आणि त्यावरून कोरडं वजन धर.

खोडवा_वाळवा

ताई तुमची कळकळ समजते पण एक शेतकरी म्हणून बोलतो, पाचट जाळणं चूकच, पण त्याला उत्तर म्हणून ते रानातून उचलून नेणं हेही मला पटत नाही. एका हेक्टरातून ८ ते १० टन पाचट निघतं. ते तसंच सरीत ठेवलं की पाणी कमी लागतं, तण दबतं, वर्षभरात कुजून मातीत जातं. आमच्याकडे खोडव्याला (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला) आम्ही बुडखे छाटून घेतो, पाचट सरीत दाबतो, वर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं कल्चर टाकतो, कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ही. जमिनीचा सेंद्रिय कर्ब आमच्या भागात आधीच खाली गेलाय, रासायनिक खतं आणि पाटाचं पाणी यांनी काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि निचरा न होणारी, होत चाललीय, त्यात वरचं पाचटही गोळा करून कुठल्या फॅक्टरीला दिलं तर मातीला खायला काय राहिलं?

प्रोजेक्ट जरूर करा, शिक्षणाच्या आड मी येत नाही. फक्त निष्कर्षात "टाकाऊ पाचट" असं लिहू नका एवढीच विनंती. आमच्यासाठी ते टाकाऊ नाही.

डिस्टिलरी_शिफ्ट

खोडवा भाऊंच्या बोलण्यात दम आहे आणि धंद्याच्या बाजूनेही तेच खरं ठरतं. मी बरीच वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, मळीवर चालणाऱ्या. लोक मला विचारतात की एवढा बगॅस (उसाचं चिपाड) आहे मग त्याचं इथेनॉल का करत नाही. अहो बगॅस फुकट नाहीये. एक टन उसातून २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी, आणि तोच बॉयलरला जाऊन कारखान्याची वाफ आणि वीज देतो, उरलेली वीज ग्रिडला विकतात. तो काढून घेतला तर बॉयलरला दुसरं काहीतरी विकत आणावं लागेल. म्हणून पानिपतला इंडियन ऑइलने जो प्लांट टाकला तो भाताच्या पेंढ्यावर टाकला, जो पंजाब हरियाणात खरोखरच जाळला जातो आणि दोन पिकांच्या मधे रान रिकामं करायला दिवस फार थोडे असतात. १० ऑगस्ट २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं, तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. क्षमता दिवसाला १०० किलोलिटर, वर्षाला साधारण २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल असं तेव्हा जाहीर केलं होतं. भागाकार करा, टनाला १५० लिटर.

आता कागदावरचा हिशोब बघा. १ टन कोरड्या बगॅसमध्ये ४०० किलो सेल्युलोज, त्याचं ४४४ किलो ग्लुकोज, ग्लुकोजच्या ०.५१ पट इथेनॉल म्हणजे २२६ किलो, लिटरमध्ये साधारण २८७. हे सगळं शंभर टक्के झालं तर. प्रत्यक्षात धुताना जातं, एन्झाइम सगळं तोडत नाही, यीस्ट स्वतः वाढायला खातं, आणि पेंढा काही पूर्ण कोरडा येत नाही. शिवाय हेमिसेल्युलोजमधून मिळणारी झायलोज साखर आपलं नेहमीचं यीस्ट खातच नाही, त्याला जनुकीय बदल केलेलं यीस्ट लागतं, नाहीतर पाव हिस्सा साखर तशीच व्हिनासबरोबर (अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याबरोबर) बाहेर.

पण सगळ्यात जास्त डोकेदुखी मला वाटते ती घट्टपणाची आणि याच्यावर कॉलेजात कोणी बोलत नाही. ताई तुम्ही २० मिलीत १ ग्रॅम टाकताय, म्हणजे ५ टक्के. प्लांटमध्ये असं केलं तर साखर इतकी पातळ येईल की वॉशमध्ये (आंबवलेल्या द्रवात) अल्कोहोल २ टक्क्यांपर्यंतही जायचं नाही आणि ते उकळून वेगळं करायला वाफच इतकी लागेल की सगळं नुकसानीत. निदान ४ टक्के अल्कोहोल हवं तर साखर ८ टक्के हवी, त्याला १५ ते २० टक्के घन माल घ्यावा लागतो, आणि एवढा लगदा पहिले काही तास सारवायच्या शेणासारखा घट्ट असतो, पाणी सगळं शोषून बसतो, मिक्सरची पाती नुसती जागेवर फिरतात. एन्झाइमने तो पातळ करेपर्यंत दम धरायचा, म्हणून माल थोडा थोडा टाकत जातात. पेंढ्यातली वाळू आणि सिलिका पंप आणि स्क्रू फीडर खाऊन टाकते ते वेगळंच.

बाहेरच्या देशातही हेच झालंय. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँटने मक्याच्या ताटांवर वर्षाला ३ कोटी गॅलनचा प्लांट २०१५ ला सुरू केला आणि २०१७ ला विकायला काढला. ड्यूपाँट स्वतः एन्झाइम बनवणारी कंपनी होती, हे लक्षात घ्या, एन्झाइम घरचं असूनही. ब्राझीलमध्ये पिरासिकाबाला रायझेन कंपनीने मात्र बगॅसवर चालवून दाखवलं, त्याचं एक कारण मला असं दिसतं की माल कारखान्याच्या आवारातच गोळा झालेला असतो, शेतोशेती गाठी बांधत फिरावं लागत नाही.

हे सगळं तुम्हाला नाउमेद करायला नाही सांगत. हेक्टरी १० टनातलं निम्मं रानात ठेवून निम्मं घेतलं तर काय, हा प्रश्न तुम्ही आणि खोडवा भाऊंसारखी माणसं मिळूनच सोडवू शकता, आम्हाला डिस्टिलरीत बसून तो सुटणार नाही.

खोडवा_वाळवा

निम्मं-निम्मं हे बोलणं पटण्यासारखं आहे. फक्त कुठल्या जमिनीतलं निम्मं ते माती परीक्षण करून ठरवा, हलक्या रानातलं एक पानही उचलू नका.

बुरशीचं_जग

उशिरा आलो पण ट्रायकोडर्माचं नाव निघालं म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचे कापडी तंबू आणि सुती सामान दक्षिण पॅसिफिकच्या दमट हवेत कुजून चाललं होतं. का कुजतंय ते शोधायला सैन्याने बुरश्या गोळा करायला लावल्या, त्यातली सोलोमन बेटांवरच्या कुजक्या कॅनव्हासवरून घेतलेली एक बुरशी म्हणजे क्यूएम ६ए. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर, सैन्याचं सामान-सुमान बघणारं खातं. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी नंतर नॅटिकच्या सैनिकी प्रयोगशाळेत तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. सुरुवातीला तिला ट्रायकोडर्मा विरिडी समजत होते, १९७७ ला ती वेगळी प्रजाती ठरवून रीस यांच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसेई नाव दिलं. कापड वाचवायला सुरू झालेलं काम पुढे कापसासारखंच सेल्युलोज मुद्दाम तोडायच्या कामी आलं. रटगर्स विद्यापीठात याच बुरशीवर अतिनील किरण आणि रसायनं वापरून रट-सी३० नावाचा वाण तयार केला, जो ग्लुकोज समोर असतानाही एन्झाइम बनवणं पूर्ण बंद करत नाही. बाजारातली पुष्कळशी सेल्युलेजं आजही याच एका बुरशीच्या वंशातली आहेत, विचार केला की अंगावर काटा येतो.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे बरं का. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम बुरशीच्या सेल्युलेजवर १९८० च्या दशकात भरपूर काम झालं, तिचं वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात बीटा-ग्लुकोसिडेज चांगलं असतं, म्हणजे वर लिग्निन_पुणे यांनी सांगितलेली कमतरता तिच्यात नाही. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या केंद्राने उत्तराखंडात काशीपूरला दिवसाला १० टन बायोमासचा प्रायोगिक प्लांट उभा केला, २०१६ मध्ये.

आणि नवीन गोष्ट म्हणजे एलपीएमओ. २०१० पर्यंत सगळे समजत होते की हे काम फक्त पाण्याने तोडणाऱ्या एन्झाइमांचं आहे. मग नॉर्वेतल्या गटाने दाखवलं की तांब्याचा अणू असलेली काही एन्झाइमं ऑक्सिडेशनने घट्ट स्फटिकाच्या पृष्ठभागावरच साखळी तोडतात, म्हणजे बाकीच्यांना धरायला नवीन टोकं मिळतात. आताच्या कंपन्यांच्या मिश्रणात ती असतात. तुझ्या स्वस्त पावडरीत असतील याची आशा धरू नकोस.

पैशांचं म्हणालीस ना, मग एन्झाइम घरीच कर, मायक्रोबायॉलॉजीची आहेस. गव्हाचा कोंडा आणि थोडं ट्रीट केलेलं पाचट, खनिज क्षारांच्या द्रावणाने ओलं करून फ्लास्कमध्ये ऑटोक्लेव्ह कर, ट्रायकोडर्मा टाक, २८ ते ३० अंशाला ५ ते ७ दिवस. सायट्रेट बफरने एन्झाइम धुऊन घे, सेंट्रिफ्यूज कर. दुसऱ्या फ्लास्कमध्ये अ‍ॅस्परजिलस नायजर. दोन्ही अर्क मिसळून एफपीयू आणि बीटा-ग्लुकोसिडेज मोज. वाण मान्यताप्राप्त कल्चर कलेक्शनमधून मागव, कारण शेतीच्या दुकानात जी ट्रायकोडर्माची पिशवी मिळते ती मुळकूज वगैरेसाठी असते, प्रजाती वेगळी असते आणि सेल्युलेज किती देईल त्याचा भरवसा नाही. तुलनेसाठी म्हणून ती लावायला मात्र हरकत नाही, उलट खोडवा भाऊ जे कल्चर पाचटावर टाकतात ते रानात हेच सगळं काम संथपणे करत असतं, त्याचंही एकदा एफपीयू बघायला मला आवडेल.

कृष्णाकाठ

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. खोडवा दादा, "टाकाऊ" शब्द प्रस्तावनेतून काढलाय, आणि सरांशी बोलून रानात किती ठेवायचं याचा मुद्दा चर्चेच्या प्रकरणात घेते.

लिग्निन दादा, सांगितल्याप्रमाणे कॉस्टिक ट्रीटमेंट केली, लगदा ओलाच वापरला. फरक प्रचंड आहे. त्याच एन्झाइमला डीएनएसचा रंग इतका गडद आला की डायल्यूट करावं लागलं. ट्रीट केलेल्या १ ग्रॅम कोरड्या लगद्यामागे ४८ तासांत ४६० मिलिग्रॅमच्या आसपास रिड्युसिंग शुगर येतेय. पण आता तीन शंका आहेत. एक, हे सगळं ग्लुकोजच आहे असं धरायचं का? दोन, ७२ तासांच्या फ्लास्कमध्ये साखर ४८ पेक्षा कमी आली आणि आंबट वास येतोय, सीनियर म्हणाली जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड टाक, टाकू का? तीन, ते काळं पाणी बेसिनमध्ये ओतायला मन धजत नाही, त्याचं काय करायचं?

लिग्निन_पुणे

वा, मस्त! आता आकडा मात्र जपून लिही. ४६० हे ट्रीट केलेल्या लगद्यावरचे आहेत. कॉस्टिकमध्ये पाचटाचं ४० ते ५० टक्के वजन निघून गेलेलं असणार, त्यामुळे मूळ १ ग्रॅम पाचटावर हिशोब केलास तर तो २५० च्या आसपास येईल. दोन्ही आकडे दे, पण सारांशात मूळ पाचटावरचा दे. फक्त ट्रीट केलेल्यावरचा टक्का लिहून "८० टक्के रूपांतर" म्हणायची पद्धत आहे, त्यात धुऊन गेलेली साखर लपते. आणि रूपांतराचा टक्का काढताना ग्लुकोजला ०.९ ने गुणायला विसरू नकोस.

सगळं ग्लुकोज अजिबात धरू नकोस. डीएनएसला ग्लुकोज, झायलोज, सेलोबायोज सगळ्यांनी रंग येतो. कॉस्टिकने हेमिसेल्युलोज पूर्ण जात नाही आणि पावडर सेल्युलेजमध्ये झायलनेज असतंच, म्हणून त्यात झायलोज नक्की आहे. एचपीएलसी (साखरा वेगवेगळ्या करून मोजणारं यंत्र) नसेल तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर तपासायला जो जीओडी-पीओडी किट वापरतात तो आण, महाग नाही, आणि तो फक्त ग्लुकोज पकडतो. तुझा नमुना रक्तापेक्षा पुष्कळ जास्त साखरेचा आहे म्हणून १० ते २० पट डायल्यूट करून लाव. डीएनएस आणि जीओडी-पीओडी मधला फरक बघ, मग त्याच नमुन्यात थोडं अ‍ॅस्परजिलसचं एन्झाइम घालून परत ग्लुकोज मोज, वाढलं तर तेवढं सेलोबायोज अडकलेलं होतं.

दोन ब्लँक (वजा करायचे तुलनेचे नमुने) हवेतच. एक नुसतं एन्झाइम पाचटाशिवाय, कारण पावडर एन्झाइममध्ये भर म्हणून साखरच मिसळलेली असू शकते, आणि एक नुसतं पाचट एन्झाइमशिवाय. दोन्ही वजा केल्याशिवाय ४६० वर विश्वास ठेवू नकोस.

आंबट वास म्हणजे बॅक्टेरियांनी तुझी साखर खाल्लीय, ५० अंशालाही वाढणारे असतात ते. अझाइडबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, सरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. ते जबरदस्त विषारी आहे आणि तुझा बफर ४.८ पीएचचा आहे, त्या पीएचला जवळजवळ अर्धं अझाइड हायड्रॅझोइक अ‍ॅसिडच्या रूपात असतं, ज्याची वाफ नाकात गेली तर धोका. फ्यूम हूडशिवाय नाही, आणि तांब्या-शिशाच्या पाइपच्या बेसिनमध्ये कधीच ओतायचं नाही, तिथे स्फोटक क्षार साठतात. वर आणखी एक भानगड, जीओडी-पीओडी किटमधल्या पेरॉक्सिडेजला अझाइड दाबतं, म्हणजे ग्लुकोज असूनही रंग कमी येईल. तुमच्याकडे टेट्रासायक्लिन आणि सायक्लोहेक्झिमाइड असेल तर बरेच जण ती जोडी वापरतात, सायक्लोहेक्झिमाइडही विषारीच आहे, हातमोजे घालून. नाहीतर बफर आणि लगदा आधी ऑटोक्लेव्ह करून घे, एन्झाइम ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून टाक आणि ४८ तासांवरच थांब, एमएस्सीच्या कामाला तेवढं पुरे.

काळं पाणी एका कॅनमध्ये साठव. त्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड थेंब थेंब घालून पीएच २ च्या आसपास आणलास की लिग्निन तपकिरी गाळ होऊन खाली बसेल, पाचटातली थोडी सिलिकाही त्याच्याबरोबर येते. गाळ गाळून, धुऊन, वाळवून वजन कर, त्यावरून पाचटातलं किती लिग्निन निघालं याचा अंदाज येतो आणि प्रबंधात एक तक्ता वाढतो. वरचं पाणी न्यूट्रल करून मग सरांना विचारून टाक. अ‍ॅसिड घालताना फेस येतो, मोठं भांडं घे आणि गॉगल लाव.

ब्लँक वजा करून आणि जीओडी-पीओडीचे आकडे आले की इथेच टाक. सेल्युलोज किती टक्के धरलंस आणि एफपीयू किती निघालं तेही लिही, नाहीतर तुलना करता येणार नाही.